इमला आपला, जमीन दुसऱ्याची: चाकांवरच्या घरात निर्धास्त राहण्यासाठी काय करावे

पुण्या-मुंबईच्या जुन्या दस्तऐवजांत ‘इमला’ हा शब्द वारंवार भेटतो. जमीन एकाची आणि तिच्यावर उभे असलेले बांधकाम दुसऱ्याचे असेल, तर त्या बांधकामाला इमला म्हणतात, आणि इमल्याच्या मालकाला आयुष्यभर एकच घोर असतो, तो म्हणजे जमीनमालकाचे मन फिरले तर काय करायचे. अमेरिकेत चाकांच्या टायनी हाऊसमध्ये, म्हणजे ट्रेलरवर बांधलेल्या छोट्या घरात, राहणाऱ्या माणसाची स्थिती बरीचशी अशीच आहे. इमला हलत नाही आणि हे घर हलते, एवढाच फरक. पण ते हलते म्हणूनच ‘हलवा’ असे सांगणेही सोपे जाते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते हे खरे, परंतु विंचवालाही दगडाखालची जागा लागतेच.

हा लेख कॅलिफोर्निया, ओरेगन आणि वॉशिंग्टन या पॅसिफिक किनाऱ्यावरील तीन राज्यांपुरता मर्यादित आहे. या तीन राज्यांत चाकांवरच्या घरांसाठी लिखित वाटा तयार झाल्या आहेत, आणि मी स्वतः ओरेगनमधील पोर्टलंड शहराच्या हद्दीत राहतो. आमच्या परसात २०२२ पासून असे एक घर उभे आहे आणि त्यात एक तरुण जोडपे राहते. म्हणजे पुढे जे लिहिले आहे ते जमीनमालकाच्या बाजूने पाहिलेले आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले. बहुतेक लोक सारा पैसा आणि सारी हौस घरावर खर्च करतात आणि जागेचा विचार शेवटी करतात. क्रम नेमका उलटा असायला हवा.

पहिली पायरी: आपले घर कायद्याच्या दृष्टीने काय आहे, ते ठरवून घ्यावे

चाकांवरचे घर कायद्याला तीन रूपांत दिसू शकते. पहिले रूप कारखान्यात बांधलेल्या ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’चे. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याची, म्हणजे ‘हड’ची, बांधकाम संहिता १५ जून १९७६ पासून या घरांना लागू आहे, आणि ही घरे सर्वसाधारणपणे ३२० चौरस फूट किंवा त्याहून मोठी असतात. दुसरे रूप आरव्हीचे, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या सहलीच्या वाहनाचे. त्यात प्रवासी ट्रेलर एनएफपीए ११९२ या मानकानुसार, तर ‘पार्क मॉडेल’ एएनएसआय ए११९.५ या मानकानुसार बांधले जाते आणि त्याची मर्यादा ४०० चौरस फुटांची असते. तिसरे रूप म्हणजे हौसेने स्वतः बांधलेले, कोणत्याही मानकाचा शिक्का नसलेले घर, जे सरकारी कागदावर नुसता ‘ट्रेलर’ असते. विशेष परवान्याशिवाय रस्त्यावरून नेता येईल अशी रुंदी ८ फूट ६ इंच असते; तेव्हा २४ फूट लांबीच्या ट्रेलरवर तळमजल्याचे क्षेत्र जेमतेम २०४ चौरस फूट भरते आणि बहुतेक टायनी हाऊस दुसऱ्या किंवा तिसऱ्या रूपात मोडतात.

इथे एक विसंगती आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. हडने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या नियमानुसार एखाद्या आरव्हीला मॅन्युफॅक्चर्ड होमच्या संहितेतून सूट हवी असेल, तर ते वाहन केवळ पर्यटनासाठी आहे, कायम निवासासाठी नाही, असे गृहीत असते. म्हणजे ज्या शिक्क्यामुळे घराला मान्यता मिळते तोच शिक्का ‘हे राहण्याचे घर नव्हे’ असेही सांगतो. अशा वाहनात प्रत्यक्ष राहता येईल की नाही, हे शेवटी स्थानिक संस्था ठरवते. त्यामुळे प्रमाणपत्र मिळाले की काम झाले असे समजू नये, आणि प्रमाणपत्राशिवाय चालेल असेही समजू नये, कारण लॉस एंजेलिससारखी शहरे ते मागतातच.

आरव्हीआयए या उद्योगसंघटनेचा शिक्का तिच्या सदस्य उत्पादकांनाच मिळतो. स्वतःच्या हाताने घर बांधणाऱ्याला तो मिळत नाही. तशांसाठी ‘नोआ’सारख्या संस्था बांधकाम चालू असताना टप्प्याटप्प्याने तपासणी करून प्रमाणपत्र देतात. वॉशिंग्टन राज्यात हे काम कामगार व उद्योग खात्याकडे आहे. पद्धत कोणतीही असो, भिंतींना आतून फळ्या ठोकण्याआधी वायरिंग, पाण्याचे पाइप, लाकडी सांगाडा आणि ट्रेलरला तो जिथे बोल्टने जखडला आहे त्या जागा यांची छायाचित्रे फूटपट्टी धरून काढून ठेवावीत. घर आधीच बांधून झालेले असेल आणि ती छायाचित्रे नसतील, तर नंतर तपासनीसाला दाखवण्यासाठी भिंत फोडण्याची वेळ येते. ट्रेलरचा ओळख क्रमांक असलेले टायटल (मालकीचा दाखला), नोंदणी, विक्रीपावती, अ‍ॅक्सलची क्षमता लिहिलेल्या पट्टीचे छायाचित्र आणि सार्वजनिक वजनकाट्यावरची पावती हे कागद एका फायलीत असावेत. आमच्याकडच्या जोडप्याने वजनकाटा गाठला तेव्हा त्यांच्या अंदाजापेक्षा घर जवळजवळ दोन हजार पौंडांनी जड निघाले, कारण ओट्यावरचा दगड आणि पुस्तके यांचा हिशेब कोणी केलाच नव्हता.

दुसरी पायरी: जागा शोधावी, आणि हवी ती परवानगी लेखी मिळवावी

महाराष्ट्रात शेतजमिनीवर घर बांधायचे म्हटले की आधी ‘एन.ए. झालेय का?’ असे विचारतात. इथे तसाच प्रश्न झोनिंगचा, म्हणजे कोणत्या भागातल्या जमिनीचा कोणता वापर चालतो याचा, असतो. मात्र तो राज्यागणिक नव्हे, तर शहरागणिक आणि काउंटीगणिक (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) बदलतो.

घराच्या परसात दुय्यम निवास म्हणून चाकांवरचे घर राहू देणारे पहिले शहर म्हणून कॅलिफोर्नियातील फ्रेस्नोचा उल्लेख होतो. ते वर्ष २०१६. डिसेंबर २०१९ मध्ये लॉस एंजेलिसने ‘हलवता येणारे टायनी हाऊस’ ही व्याख्याच आपल्या नियमांत घातली. त्यानुसार घर १५० ते ४३० चौरस फुटांचे असावे, वाहन म्हणून त्याची नोंदणी झालेली असावी, त्याला मानकाचे प्रमाणपत्र असावे, चाके काढून टाकू नयेत, मात्र ती झाकावीत. पोर्टलंडने १ ऑगस्ट २०२१ पासून, मूळ घर असलेल्या निवासी प्लॉटवर एका आरव्हीत किंवा चाकांच्या टायनी हाऊसमध्ये कायम राहण्यास परवानगी दिली. त्याआधी २०१७ पासून शहराने अशा घरांवर कारवाई थांबवलेली होती, पण कारवाई होत नाही आणि हक्क आहे या दोन गोष्टींत महदंतर आहे. ज्यांनी त्या चार वर्षांत शहरात घर लावले ते एका राजकीय निर्णयाच्या भरवशावर राहत होते.

या परवानग्यांत एक सापळा असा आहे, की पोस्टाचा पत्ता ‘पोर्टलंड’ असला म्हणजे जागा पोर्टलंड शहराच्या हद्दीत असतेच असे नाही. शहराच्या पश्चिमेकडच्या, पण ओरेगनमधल्याच वॉशिंग्टन काउंटीत, जिथे आपले बरेच मराठी लोक राहतात, अशी कितीतरी घरे आहेत ज्यांच्या पत्रांवर पोर्टलंड लिहिलेले असते, पण ज्यांना नियम काउंटीचे लागतात. बीव्हर्टन आणि हिल्सबोरो यांचे नियम आणखी निराळे. म्हणून जागा पाहायला जाण्याआधी पोर्टलंडमॅप्स या शहराच्या संकेतस्थळावर, किंवा लॉस एंजेलिसमध्ये झिमासवर, पत्ता घालून हद्द, झोन आणि प्लॉटचा क्रमांक पाहून घ्यावा.

त्यानंतर नियोजन विभागाला ईमेल करावा. ‘टायनी हाऊस चालते का?’ असा मोघम प्रश्न विचारल्यास मोघमच उत्तर येते, आणि खिडकीवरच्या कारकुनाचे तोंडी ‘हो’ पुढे कामाला येत नाही. माझ्या मते प्रश्न असा असावा: अमुक क्रमांकाच्या प्लॉटवर मूळ घर आहे, तेथे अमुक लांबी-रुंदीचे, वाहन म्हणून नोंदणी झालेले, चाकांवरचे एक घर पूर्णवेळ निवासासाठी ठेवता येईल का, त्याला दिवसांची मर्यादा आहे का, ते नियमावलीच्या कोणत्या कलमाखाली येते, आणि सांडपाणी व वीज यांच्यासाठी कोणते परवाने लागतील? कलमाचा क्रमांक मागणे सर्वांत महत्त्वाचे, कारण कर्मचारी बदलतात पण कलम जागेवर राहते. आलेले उत्तर छापून फायलीत लावावे.

शहराने होकार दिला तरी घरमालकांच्या संघटनेचे खासगी निर्बंध आड येऊ शकतात. आपल्याकडच्या सोसायटीच्या उपविधींसारखाच हा प्रकार, पण जमिनीच्या दस्तातच नोंदवलेला. म्हणून जमीनमालकाकडून ते निर्बंध मागून वाचावेत. शेजाऱ्यांचाही विचार आताच करावा. नियमभंगाची कारवाई बहुधा तक्रारीवरूनच सुरू होते, आणि तक्रारीचे कारण घराचे चाक नसते. ते असते रात्री अकराला चालणारे जनरेटर, कुंपणाला चिकटून उभी केलेली भिंत किंवा शेजारणीच्या स्वयंपाकघरात थेट डोकावणारी खिडकी. आमच्याकडे घर येण्याआधी माझी पत्नी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे चिवडा घेऊन गेली आणि खिडकी कोणत्या बाजूला यावी, हे तिथेच ठरले. कोणत्याही परवान्याइतकाच त्या भेटीचा उपयोग झाला, असे मला वाटते.

परस मिळत नसेल तर पार्कांचा, म्हणजे अशी घरे भाड्याच्या जागेवर लावण्यासाठी असलेल्या वसाहतींचा, विचार करावा. ओरेगनच्या कायद्यानुसार आरव्ही पार्कात किंवा मॅन्युफॅक्चर्ड घरांच्या पार्कात पाणी, वीज आणि सांडपाणी यांना रीतसर जोडलेल्या आरव्हीत कोणी कायमचे राहत असेल, तर केवळ ते आरव्ही आहे या कारणावरून स्थानिक संस्था त्याला मनाई करू शकत नाही. वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये टायनी हाऊसची ४०० चौरस फुटांपर्यंतची व्याख्या केली आणि मॅन्युफॅक्चर्ड घरांच्या पार्कात मुख्य निवास म्हणून वापरल्या जाणाऱ्या चाकांच्या टायनी हाऊसला शहरांनी सरसकट बाहेर काढू नये, अशी तरतूद केली; मात्र घरात संडास आणि शॉवर असावा, किंवा ती सोय पार्काने द्यावी. कॅलिफोर्नियात आरव्ही पार्कातील वास्तव्याचा कायदा मुदतीवर चालतो. सलग ३० दिवसांहून अधिक राहिलेला माणूस ‘भाडेकरू’ होतो आणि नऊ महिने पूर्ण झाले की ‘रहिवासी’ होतो. रहिवाशाला कायद्यातील कारणाशिवाय काढता येत नाही आणि सर्वसाधारणपणे ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणून आठव्या महिन्यात ‘दोन दिवस बाहेर जाऊन परत या’ असे कोणी गोड आवाजात सांगू लागले, तर ते कशासाठी, हे ओळखावे आणि त्याच दिवशी भाडेकरूंच्या मोफत कायदेशीर मदत केंद्राला गाठावे. भाड्याच्या पावत्यांवर तारखा असाव्यात तो याचसाठी.

स्वतःची जमीन घेतली की सगळा प्रश्न मिटला, हा समज मात्र सोडून द्यावा. बऱ्याच काउंट्यांत स्वतःच्याच मालकीच्या मोकळ्या जमिनीवर आरव्हीत कायम राहता येत नाही. आधी पक्के घर किंवा बांधकाम परवाना असावा लागतो. ओरेगनने २०२३ मध्ये काउंट्यांना ग्रामीण भागातील घराशेजारी एक आरव्ही भाड्याने ठेवू देण्याची मुभा दिली आहे, पण ती मुभाच आहे, सक्ती नव्हे. गावाबाहेर जमीन घेताना सेप्टिक टाकीची मंजुरी मिळण्याजोगी माती आहे का, हे खरेदीच्या अटींत लिहून घ्यावे. सेप्टिक नाही तर निवास नाही, इतके ते सरळ आहे.

रहिवाशांनी मिळून पार्कच विकत घेण्याचा मार्ग संथ, पण माझ्या दृष्टीने सर्वांत भक्कम आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये १९८४ साली एका पार्कातील रहिवाशांनी सहकारी संस्था करून जमीन घेतली. त्यातून वाढलेल्या कामाला २००८ मध्ये आरओसी यूएसए या संस्थेचे देशव्यापी रूप आले. आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेसारखेच हे आहे: जमीन संस्थेची, इमला सभासदाचा, आणि भाडे किती वाढवायचे ते सर्वसाधारण सभा ठरवते. ही पार्के मुख्यतः मॅन्युफॅक्चर्ड घरांची असतात, तेव्हा चाकांच्या टायनी हाऊसला प्रवेश आहे का, हे त्या त्या संस्थेच्या नियमांत पाहावे लागते. ओरेगनमध्ये युजीन येथील एमराल्ड व्हिलेज या २२ छोट्या घरांच्या वसाहतीतही रहिवासी सहकारी संस्थेचे सभासद आहेत. तिथली घरे फिरती नाहीत, पण चाके सोडायला ज्यांची हरकत नाही त्यांनी ही वाट जरूर पाहावी.

तिसरी पायरी: सांडपाणी, वीज आणि पाणी रीतसर जोडावे

परवानगी नाकारली जाण्याचे किंवा नंतर रद्द होण्याचे कारण बहुतेकदा सांडपाणी असते. पोर्टलंडमध्ये घरात नळ किंवा संडास असेल, तर शहराच्या मलवाहिनीला परवाना घेऊन जोडणी करावी लागते. घरात नळकाम अजिबात नसेल, तर मूळ घरातील न्हाणीघर राहणाऱ्यांना सदैव खुले असावे लागते. दुसरा पर्याय कागदावर स्वस्त आहे. प्रत्यक्षात जानेवारीत पहाटे तीनला, गोठलेल्या गवतावरून कंदील घेऊन जाणे आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातून वाट काढणे चार महिन्यांत दोन्ही घरांना नकोसे होते.

आमच्या परसात मलवाहिनीचे तोंड, ज्याला प्लंबर ‘क्लीनआउट’ म्हणतो, ब्लॅकबेरीच्या झुडपांखाली गडप झाले होते. नकाशावर ते कुंपणापासून नऊ फुटांवर होते. प्रत्यक्षात दोन शनिवार काटे तोडल्यावर चार इंचांचे पांढरे झाकण सापडले ते चौदा फुटांवर. ते सापडल्यावर घर कुठे उभे करायचे हे आपोआप ठरले, कारण सांडपाण्याच्या पाइपला दर फुटाला पाव इंच उतार लागतो आणि वीस फुटांच्या पाइपला पाच इंचांची उंची जवळ असावी लागते. म्हणून जागा आवडली म्हणून घर आणून उभे करू नये. आधी क्लीनआउट शोधावे, लेव्हल लावून उतार मोजावा आणि मग खुंट्या ठोकून घराची जागा आखावी. लवचीक होज जमिनीवर लोंबत ठेवणे ही तात्पुरती, कॅम्पिंगची रीत आहे. राहण्यासाठी कडक पाइप, त्याला आधार आणि घट्ट बसणारे जोड हवेत.

विजेचे गणित करार करण्याआधी मांडावे. आरव्हीचे ३० अँपिअरचे कनेक्शन १२० व्होल्टवर ३,६०० वॉट देते, तर ५० अँपिअरचे २४० व्होल्टवर १२,००० वॉट. पहिल्यावर १,५०० वॉटचा हीटर चालू असताना इंडक्शनची शेगडी लावली आणि मागोमाग केटल चालू केली, की मुख्य स्विच पडतो. पोळीभाजी रोज घरी करणाऱ्या कुटुंबाने ५० अँपिअरचाच आग्रह धरावा. मूळ घरातून एक्स्टेन्शन वायर ओढणे बेकायदा तर आहेच, पण पावसाळी प्रदेशात ते आगीला आमंत्रण आहे. परवाना घेतलेल्या विद्युत ठेकेदाराकडून स्वतंत्र खांब, स्वतंत्र ब्रेकर आणि शक्य तर उपमीटर बसवून घ्यावा. उपमीटर असला की महिन्याच्या बिलावरून होणारी अर्धी भांडणे होतच नाहीत. पाण्यासाठी पिण्यायोग्य दर्जाचा होज घ्यावा, आणि थंडीत त्याला उष्णता देणारी केबल व वरून आवरण असावे. जानेवारी २०२४ च्या बर्फाळ वादळात ज्यांनी ते केले नव्हते त्यांना दिवसेंदिवस बादल्यांनी पाणी वाहावे लागले.

चौथी पायरी: करार लिहावा, विशेषतः आपल्याच माणसाशी

मराठी मंडळींची मोठी अडचण इथे येते. परस ओळखीच्याचे असते, मालकीण ‘वहिनी’ असते, आणि कागदाचा विषय निघाला की ‘अहो, आपल्यात कसले कागद?’ असे उत्तर मिळते. हे उत्तर मनापासूनचे असते. पण तीन वर्षांनी त्या घराची विक्री होते, किंवा घटस्फोट होतो, किंवा मालकांच्या आईला भारतातून आणायचे ठरते आणि परस हवे असते. तेव्हा तोंडी प्रेमाचा उपयोग दोघांनाही होत नाही. मी जमीनमालक असूनही लेखी कराराचा आग्रह मीच धरला, आणि त्यामुळे संबंध बिघडले नाहीत, उलट मोकळे झाले.

कराराचे स्वरूप काय, हे पहिल्या परिच्छेदात स्पष्ट असावे. लिव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा करार आणि खरा भाडेपट्टा यांतला फरक आपल्याला ठाऊक आहे. इथेही ‘जागा वापरण्याची अनुमती’ आणि ‘भाडेकरार’ यांत तेवढाच फरक पडतो. शीर्षकात ‘पाहुणा’, ‘स्टोरेज’ किंवा ‘पार्किंग’ असे शब्द असतील तर सही करू नये. जागा मुख्य निवासासाठी भाड्याने दिली आहे, असे वाक्यच असावे. भाडे जागेचे आहे, घराचे नाही, आणि घर, त्याचा पायऱ्यांचा ओटा, छप्पर, सौरपट्टे ही भाडेकरूची जंगम मालमत्ता आहे, हेही लिहावे. नाहीतर जागा विकली जाताना ओटा जमिनीबरोबर गेला, असा वाद उभा राहतो.

मुदत किमान दोन वर्षांची मागावी. त्याहून महत्त्वाची नोटीस. सामान उचलून दुसऱ्या फ्लॅटमध्ये जाणाऱ्याला दोन महिने पुरतात. घरच उचलून न्यायचे असेल तर नवी जागा, नियोजन विभागाचे उत्तर, प्लंबरचा परवाना, विजेचा परवाना आणि ओढणारे वाहन हे सारे जुळायला सहा महिने सहज जातात. म्हणून १८० दिवसांची नोटीस लिहून घ्यावी, आणि जमीन विकली गेली तरी करार नव्या मालकावर बंधनकारक राहील, असे कलम घालावे. आमच्या करारात एक कलम माझ्या भाडेकरूंनी सुचवले, ते मला फार शहाणपणाचे वाटले: मालकाने मुदतीआधी जागा रिकामी मागितली, तर घर ओढून नेण्याचा खर्च मालकाने सोसावा. त्या कलमामुळे उद्या मला लहर आली तरी तिची किंमत मला आधीच कळलेली आहे.

शहराची नोटीस आल्यास कोणी काय करायचे, परवान्यांचे पैसे कोणी भरले, जोडण्या पुढे कोणाच्या मालकीच्या, पाहुणे किती दिवस राहू शकतात, पाळीव प्राणी, गाडी कुठे उभी करायची, आणि मालकाने परसात येण्याआधी किती वेळ सांगावे, या बाबी एकेका वाक्यात पुरतात. मालकाच्या घरावर गहाण असेल तर बँकेच्या अटीही पाहायला सांगाव्यात. पोर्टलंडच्या नियमानुसार अशा घरात पर्यटकांना अल्प मुदतीने राहायला देता येत नाही, तेही करारात नमूद करावे. शेवटी स्थानिक वकिलाकडून एकदा वाचून घ्यावे. एका तासाची फी जाते, एवढेच.

पाचवी पायरी: पत्ता एकच आणि खरा ठेवावा

चाकांवर राहणाऱ्याला पत्ता हा कागदी सोपस्कार वाटतो, पण हक्क सांगताना पहिला पुरावा तोच असतो. मूळ घराच्या क्रमांकाला ‘युनिट बी’ जोडता येते का, हे शहराकडे आणि पोस्टाकडे विचारावे. वाहनचालक परवान्यावरचा पत्ता कॅलिफोर्नियात १० दिवसांत, ओरेगनमध्ये ३० दिवसांत बदलून घ्यावा लागतो. बँक, विमा, मतदार नोंदणी आणि करविवरण या सर्वांवर तोच पत्ता असेल, तर ‘हे इथे राहतच नव्हते’ असे उद्या कोणाला म्हणता येत नाही.

एच-१बी व्हिसावर असलेल्यांनी इथे विशेष काळजी घ्यावी, कारण घर हलले की प्रश्न फक्त पोस्टाचा राहत नाही. अमेरिकी नागरिक नसलेल्या जवळपास प्रत्येकाला स्थलांतरानंतर १० दिवसांत नवा पत्ता इमिग्रेशन खात्याला कळवावा लागतो. त्याशिवाय, घरातून काम करणाऱ्याचे घर हेच कामाचे ठिकाण ठरते. २०१५ मधील सिमिओ सोल्युशन्स प्रकरणाच्या निर्णयानंतर, कामाचे ठिकाण मूळ महानगर क्षेत्राबाहेर गेल्यास कंपनीला सुधारित अर्ज करावा लागतो. उन्हाळ्यात घर घेऊन तीन महिने पोर्टलंड महानगराबाहेरच्या बेंडला जाऊन राहू, असा बेत आखण्याआधी कंपनीच्या वकिलाला विचारावे. घर हलते ठेवण्याची मौज या नियमापाशी बरीच कमी होते, हे मान्य करायला हवे.

विमा आणि कर्ज यांबद्दल थोडक्यात सांगण्यासारखे एवढेच, की दोन्ही पहिल्या पायरीतल्या कागदांवर अवलंबून असतात. हे घर स्थावर नसल्यामुळे नेहमीचे गृहकर्ज मिळत नाही. आरव्ही कर्ज किंवा वैयक्तिक कर्ज घ्यावे लागते आणि त्याचे व्याज जास्त असते. विमा घेताना ‘पूर्णवेळ निवास’ हे शब्द पॉलिसीत आहेत का ते पाहावे. आरव्हीची साधी पॉलिसी सहलीपुरती असते आणि कायम राहताना झालेले नुकसान ती नाकारू शकते.

सहावी पायरी: घर हलवता येईल अशा स्थितीतच ठेवावे

जागा कितीही पक्की असली तरी घराचे चाक हीच भाडेकरूची वाटाघाटीतली ताकद असते. तीन वर्षांत पायऱ्या, ओटा, कुंपण, तुळस आणि कढीपत्त्याच्या कुंड्या यांनी घर असे वेढले जाते की ते ओढून काढणे अशक्य होते, आणि मग मालक भाडे वाढवतो तेव्हा जाणार कुठे हा प्रश्न पडतो. ओटा खिळ्यांनी न जोडता बोल्टने जोडावा, जोडण्या दोन तासांत सुटतील अशा ठेवाव्यात, आणि घर ज्या फाटकातून आत आले ते फाटक बंद होईल असे बांधकाम मालकाने मधे करू नये, हे करारातच लिहावे. आमच्या शेजाऱ्यांनी मध्यंतरी हद्दीवर मेपल लावण्याचे ठरवले. झाड वाढले असते तर १३ फूट ८ इंच उंचीचे घर त्याखालून गेले नसते, आणि ते रोप लावण्याआधीच चार फूट सरकवून घेतले.

या तीन राज्यांत रस्त्यावर १४ फूट उंची चालते. अनेक राज्यांत ती १३ फूट ६ इंच आहे. म्हणजे आमच्या परसातले घर ओरेगनमधून कॅलिफोर्नियात जाऊ शकते, पण पूर्वेकडे जायचे तर वाटेतल्या प्रत्येक राज्याची मर्यादा आधी तपासावी लागेल आणि बहुधा विशेष परवाना काढावा लागेल. एवढ्या वजनाच्या घराला एक टनी पिकअप आणि ते चालवण्याची सवय असलेला माणूस लागतो. स्वतःची गाडी नसेल तर दोन ओढणाऱ्यांचे दर दरवर्षी विचारून ठेवावेत आणि एका खेपेचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत.

राहिले टायर. वर्षानुवर्षे एकाच जागी उभ्या असलेल्या घराचे टायर न झिजताही निकामी होतात, कारण ऊन आणि भार यांनी रबराला बाजूने भेगा पडतात. ट्रेलरच्या टायरच्या कडेवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी चार आकडे असतात. ३२१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनला आहे. आमच्याकडे घर आले तेव्हा चारही टायर १४१६ चे निघाले, म्हणजे सहा वर्षांचे. जोडप्याने जॅक लावून अ‍ॅक्सलवरचा भार काढला, चाकांवर पांढरी आवरणे घातली आणि नवे टायर पुढच्या वर्षीच्या खर्चात धरले.